क्लचबाई गाडीखाली जातात

त्या गावात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांचा डावा पाय क्लचबाईंनी घडवला होता. बाईंना खरं नाव होतं, नाही असं नाही, पण ते लायसन्सवर आणि विजेच्या बिलावर. शिकाऊ माणूस गिअर बदलायला लागला, की शेजारच्या सीटवरून बाई आधी प्रेमाने, मग काळजीने आणि शेवटी पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "क्लच... क्लच... अहो, क्लच!" तेच नाव पडलं. पुढे तर त्यांनी गाडीच्या टपावरच्या पाटीवरही तेच रंगवून घेतलं. लोक म्हणतातच, तर आपण कशाला लाजायचं?

गाडी छोटी होती, कच्च्या पेरूच्या रंगाची. बाईंच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेले. त्या दोन पेडलांच्या जोरावर बाईंनी न्हावी शिकवले, नर्सा शिकवल्या, नवरा-बायको एकाच गाडीत बसवून शिकवले आणि तरीही त्यांचा संसार टिकवून दाखवला. वळणावर गाडी किती झुकणार, हे त्यांना बसल्या जागी पाठीच्या मणक्यांनी कळायचं. पण बॉनेट उघडायची कळ कुठे आहे म्हणून कुणी विचारलं असतं, तर बाईंनी बोट नक्की कुठे दाखवलं असतं, सांगता येत नाही.

ते खातं नवऱ्याचं. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होता. जन्मभर यंत्रांच्या खडखडाटात काम केलेलं, तिथे बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही. त्यामुळे की काय, माणूस बोलायचंच विसरला. सगळी गल्ली त्यांना फिटरकाका म्हणे. लग्नानंतर पहिली गाडी घेतली तेव्हा काकांनी कामाची वाटणी एका वाक्यात करून टाकली होती, "बॉनेटच्या बाहेर तू, आत मी." बाईंच्या मते त्या वर्षातलं ते त्यांचं सगळ्यात लांब भाषण.

वाटणी चोख चालली. घराला लागून पत्र्याची शेड होती. एका भिंतीवर पाने मापाप्रमाणे टांगलेले, दुसऱ्या भिंतीवर जुने पट्टे आणि नळ्या, कोपऱ्यात एक मोडकी खुर्ची, तिचा एक पाय विटेवर. सुटीच्या दिवशी काका तिथे शिरायचे आणि जेवायची हाक मारली की काळे हात घेऊन बाहेर यायचे. गाडीला काय झालं होतं, हे बाईंनी कधी विचारलं नाही आणि काकांनी कधी सांगितलं नाही. सोमवारी किल्ली फिरवली की गाडी मुकाट चालू व्हायची. त्या घरात प्रेमाची भाषा ही अशी.

मग काकांच्या उजव्या हाताला कंप आला.

आधी चमचा कपावर किणकिणायला लागला. मग शर्टाचं वरचं बटण हट्ट धरून बसलं. डॉक्टरांनी हात वळवून, बोटं मोजायला लावून, चालायला लावून पाहिलं आणि कंपवाताचं नाव घेतलं. औषधं सुरू झाली. औषधाने चालणं सुधारलं, हात मात्र आपल्याच तालात राहिला. बाईंनी त्यावर घरात चर्चा केली नाही. त्यांनी फक्त चहा अर्धा कप ओतायला सुरुवात केली, स्वतःलाही अर्धाच. "हल्ली मला जास्त चालत नाही," म्हणाल्या. काकांनी त्या अर्ध्या कपाकडे पाहिलं, बाईंच्या कपाकडे पाहिलं आणि चहा प्यायला.

गाडीची कटकट सुरू झाली ती याच सुमाराला.

आधी स्पीडोमीटरशेजारी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मग पेट्रोलचा वास येऊ लागला. गाडी उन्हात उभी राहिली की जास्तच. आणि एक दिवस पंपावर शोभा झाली.

त्या दिवशी चालवायला दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. गावातल्या सगळ्या जबड्यांच्या मालकीण. दाढ काढताना ज्यांचा हात कधी थरथरला नाही, त्या स्टिअरिंगला हात लावताच पानासारख्या कापायच्या. टेस्टला दोनदा नापास झालेल्या. बाई म्हणाल्या, "आज पंपावर गाडी लावायला शिका, तेवढाच सराव." डॉक्टरीणबाईंनी देवाचं नाव घेत गाडी बरोबर यंत्राशेजारी उभी केली. पंपावरच्या बाई ओळखीच्या. "नेहमीसारखं? गळ्यापर्यंत?" त्यांनी विचारलं.

"गळ्यापर्यंत," क्लचबाई म्हणाल्या.

टाकी भरत आली की पाइप टक् करून आपोआप बंद होतो. बाईंचा नेम असा, की तो टक् म्हणजे नुसती सूचना. त्यानंतरही अजून थोडं, अजून एक घोट, अशी टाकी ठासून घ्यायची. वारंवार पंपावर कोण येतो!

टाकी ठासून झाली. डॉक्टरीणबाईंनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, हलली आणि गप्प बसली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकला. मागे रांग लागली, भोंगे वाजायला लागले. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम.

"ताई, मी काय केलं हो?"

"तुम्ही काही केलं नाही. दीर्घ श्वास घ्या."

"मी पेशंटना हेच सांगते. काही उपयोग होत नाही हो!"

शेवटी पंपावरच्या बाईंनी आणि मागच्या पाववाल्याने मिळून गाडी ढकलून बाजूला लावली. थोडा वेळ दम घेऊन, ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावर ती घुरघुरत चालू झाली. डॉक्टरीणबाई उतरल्या त्या पायीच दवाखान्यात गेल्या.

घरी आल्यावर बाईंनी अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "गाडी जरा नखरे करते हो. पेट्रोल भरलं की चालू होत नाही. वासही येतो."

"बघतो," काका म्हणाले.

काकांचं 'बघतो' म्हणजे संध्याकाळच्या आत झालं समजायचं. या वेळी संध्याकाळ झाली, आठवडा गेला, दुसरा आला. काका शेडमध्ये जात, बसत, बाहेर येत. हात स्वच्छ.

त्यातच दुष्काळात तेरावा महिना, गाडीच्या वार्षिक तपासणीची तारीख आली. पिवळा दिवा पेटलेला असला तर गाडी पास होत नाही आणि गाडी पास नाही तर शिकवणी बंद. गॅरेजवाला बाईंचाच जुना विद्यार्थी, एका फोनवर गाडी घेऊन गेला असता. जेवताना बाईंनी भीत भीत विषय काढला, "म्हटलं, या खेपेला गॅरेजला टाकावी का?"

काकांनी चमचा खाली ठेवला. "टाक," म्हणाले.

एवढंच. भांडण झालं असतं तर बरं, असं बाईंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच पुसायच्या पाण्याचा कॅन शोधायला म्हणून बाई शेडमध्ये गेल्या. टेबलाखाली जुनी गोधडी पसरलेली होती. ही इथे कशी, म्हणून त्यांनी ती ओढली, तर खाली तीन खोकी. एक मोठं, दोन लहान. मोठ्यावर त्यांच्याच गाडीचं चित्र. खोकी बंदच होती, पण मोठ्यावरच्या चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटायचा प्रयत्न केल्याच्या खुणा होत्या. एक नाही, कितीतरी. खाली पुठ्ठा खरवडला गेला होता, पट्टी मात्र निघाली नव्हती.

बाई तशाच उकिडव्या बसून राहिल्या. दारात सावली पडली.

"दिवा लागला त्याच आठवड्यात मागवलं," काका म्हणाले. "काय बिघडलंय ते माहीत होतं."

"मग?"

"क्लिपा आहेत त्याला. दोन बोटांनी दाबायच्या. बोटं..." त्यांनी उजवा हात खिशात घातला. खिसाही हलत राहिला.

बाईंना खूप काही बोलावंसं वाटलं. त्यातलं बरंचसं रडण्याच्या वाटेने गेलं असतं, म्हणून त्यांनी ते गिळलं. "बोटं हवीत ना? माझ्याकडे दहा आहेत," त्या म्हणाल्या.

"तुला नाही जमायचं."

"का? डॉक्टरीणबाईंना मी उलटी गाडी लावायला शिकवतेय. त्याहून अवघड काम जगात आहे?"

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. कंपामुळे नव्हे.

सुटीच्या दिवशी सकाळी काम काढलं. काकांनी आठवडाभर गाडी मुद्दाम फिरवायला लावून पेट्रोल तळाशी आणलं होतं. भरली टाकी वर आणि माणूस खाली, हे त्यांना चालत नसे. शेडची दोन्ही दारं उघडी टाकली. स्वयंपाकघरातला गॅस बंद करायला लावला. काकांनी बॉनेट उघडून दिलं, बॅटरीची तार बाईंनी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पाना फिरवून काहीतरी सुटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर फुलला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागची बाजू जॅकने उचलली, खाली लोखंडी स्टँड दिले. काकांनी स्वतः खांद्याने गाडी ढकलून पाहिली, हलत नाही अशी खात्री केली आणि मगच बाईंना पुठ्ठ्यावर पाठ टेकू दिली. काकांची जुनी विजार आणि डोक्याला रुमाल, असा अवतार करून क्लचबाई गाडीखाली गेल्या.

काका विटेच्या आधाराच्या खुर्चीत बसले, हातात बॅटरीचा दिवा. दिव्याचा उजेड वरखाली नाचत होता.

"आता ते काढ," काका म्हणाले.

"ते म्हणजे?"

"ते गं. समोरचं."

"समोर सगळंच आहे! काळं आहे, तपकिरी आहे, चिखल आहे."

"अगं, ते नाही! अगं... अगं, डावीकडे. म्हणजे माझ्या डावीकडे. अगं अगं अगं!"

बाईंनी पाना खाली ठेवला. गाडीखालून त्यांचा शिकवणीचा खणखणीत आवाज आला. "हे बघा. मी जन्मभर दुसऱ्याच्या हातांनी गाडी चालवली आहे. तुम्हाला आता दुसऱ्याच्या हातांनी दुरुस्त करायची आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या तरी त्याची एक पद्धत असते. आधी कुठे बघायचं ते सांगायचं. मग काय धरायचं. मग कुठल्या बाजूला आणि किती जोरात. आणि 'अगं अगं' अजिबात म्हणायचं नाही. शिकणारा घाबरतो."

"तू 'क्लच क्लच' ओरडतेस ते?"

"ते वेगळं. ते शास्त्र आहे."

मग काकांनी घसा साफ केला. त्यांनी दिवा खुर्चीच्या दांड्याला सुतळीने बांधायला लावला, म्हणजे उजेड स्थिर झाला, आणि पुन्हा सुरुवात केली. "तुझ्या कपाळाच्या वर टाकी आहे. मोठी, काळी. तिच्या मागच्या कडेने चाकाकडे ये. खोबरेल तेलाच्या डब्याएवढा एक डबा दिसेल, चौकोनी."

"दिसला!"

"तो काढायचाय. त्यात कोळसा आहे."

"कोळसा? गाडीत? इंजिन काय वाफेवर चालतं का?"

आणि मग काका बोलले. बाईंनी नंतर सासरी असलेल्या लेकीला फोनवर सांगताना पुन्हा पुन्हा सांगितलं, की अगं, बाबा बोलले, सलग बोलले. पेट्रोल टाकीत नुसतं पडून राहत नाही म्हणाले. ते श्वास सोडतं. उन्हात जास्त. ती वाफ उघड्यावर गेली तर वास सुटतो, हवा बिघडते, म्हणून ती नळीने या डब्यात येते आणि कोळसा तिला धरून ठेवतो. गाडी चालू झाली की पुढे इंजिनाजवळ एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती साठलेली वाफ ओढून जाळून टाकतं. काही वाया जात नाही. "बाहेर काही दिसत नाही, आवाज नाही," काका म्हणाले. "पण सारखं चालू असतं."

बाई डब्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं आपण याच्या वर बसून गाव पालथं घातलं!

"मग बिघडलं कशाने?"

काका उगाच दिव्याची काच पुसायला लागले.

"अहो, कशाने बिघडलं?"

"टाकी ठासून भरली की," काका हळूच म्हणाले, "वाफेच्या नळीतून पेट्रोलच डब्यात येतं. कोळसा भिजतो, फुटतो, त्याची भुकटी पुढे जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकते. तो मिटत नाही. म्हणून भरल्या भरल्या गाडी चालू होत नाही. टक् झाला की थांबायचं असतं."

गाडीखाली पाना पुठ्ठ्यावर टेकला.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"बॉनेटच्या बाहेर तू," काका म्हणाले.

बाईंना इतकं हसू आलं, की पुठ्ठा सरकला.

डब्याचे दोन बोल्ट गंजलेले होते. काकांनी तेल मारायला लावलं, थांबायला लावलं. "गोटीचा पाना धर, गोल तोंडाचा. दांडा तुझ्या डाव्या खांद्याकडे ओढ. झटका नको, वजन टाक." एक बोल्ट करकर करत सुटला, मग दुसरा. प्लग निघाला. पुढची नळी निघाली. मागची मात्र टाकी आणि पत्रा यांच्या बेचक्यात होती. तिथे हात जात होता, पण नजर जात नव्हती. बाईंनी चाचपडलं, दाबलं, ओढलं. क्लिप हटेना. काकांनी सांगितलेलं सगळं करून झालं. घामाने रुमाल भिजला, बोट खरचटलं.

"ओढू नकोस. नळी फाटेल."

"मग काय करू? डोळे हाताला लावून आत घालू?"

काका खुर्चीतून उठले. सावकाश खाली बसले, मग आडवे झाले आणि बाईंच्या शेजारी पाठीवर सरकत गाडीखाली आले. बाई नको म्हणेपर्यंत त्यांचा हात बेचक्यात गेलासुद्धा. बोटांना क्लिपची जागा अचूक माहीत होती. पण तिथे पोहोचताच हात पत्र्यावर आपटायला लागला, टकटकटक, कुणी दार वाजवावं तसा. काकांनी दात आवळले. हात थांबला नाही. त्यांनी तो काढून छातीवर ठेवला आणि वर टाकीकडे बघत राहिले. बाईही वर बघत राहिल्या. पुठ्ठ्यावर दोघं शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून.

"बाटल्या धरायचो याच हाताने," काका म्हणाले. "तापलेल्या."

बाईंनी तो हात धरला नाही. धरला असता तर काकांना आवडलं नसतं. त्यांनी नुसता आपला खांदा थोडा जवळ सरकवला.

तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली. "अगंबाई! ताई! गाडी पडली का अंगावर?"

डॉक्टरीणबाई शिकवणीची वेळ विचारायला आल्या होत्या आणि त्यांना गाडीखालून चार पाय बाहेर आलेले दिसले होते.

"जिवंत आहोत!" बाई ओरडल्या. "एक क्लिप दिसत नाही, म्हणून आडवे पडलोय!"

"कुठे आहे? मागे? वर?" डॉक्टरीणबाईंचा आवाज एकदम बदलला. दवाखान्यातला झाला. "मागच्या वरच्या दाढेसारखी?"

"तशीच!"

"थांबा. हलू नका."

दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच होता. डॉक्टरीणबाई लांब दांड्याचा छोटा गोल आरसा आणि एक बारीक आकडा घेऊन परत आल्या, चांगल्या साडीचा पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या आणि बाजूने मान आत घातली. आरसा बेचक्यात गेला.

"हं. दिसली. चिखल बसलाय दोन्ही बाजूंना, दगडासारखा. किती वर्षं साफ केलं नाही हे? असंच दातांचं होतं, ताई, लोक ऐकत नाहीत." आणि कुरकुर करत त्यांनी आकड्याने चिखल असा खरवडून काढला, की त्यांचा हात रेसभरही हलला नाही. हीच बाई स्टिअरिंगला हात लावताना कापते, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

"आता दाबा, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कुठे? मला आरशात उलटं दिसतंय!"

काकांनी डावा हात, जरा बरा असलेला, उचलून बाईंच्या हातावर ठेवला. कंप त्या हातातही होता, थोडा. तो बाईंच्या बोटांत उतरला. हळूहळू काकांनी त्यांचं बोट सरकवत नेलं, थांबवलं, अंगठा समोर आणला. "इथे. आता दोन्हीकडून. एकदम."

बाईंनी दाबलं. क्लिक् झालं. नळी अशी अलगद निघाली, की त्यासाठी केलेली सगळी यातायात खोटी वाटावी.

"निघाली!" तिघंही एकदम ओरडले आणि डॉक्टरीणबाईंचं डोकं पत्र्यावर आपटलं.

जुना डबा बाहेर काढून बाईंनी हलवला. आत भुकटी खुळखुळ वाजली, लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखी. नवा डबा मुका. तो बसवताना बाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. नळी ढकलली, क्लिक् ऐकलं, ओढून पाहिली, पुढची घेतली. मग पुन्हा बॉनेटकडे वळल्या. ते उघडायची कळ कुठे आहे, हे या वेळी काकांनी दाखवलं, आणि डॉक्टरीणबाईंना ती माहीत नसल्याचं कळल्यावर बाईंना जरा बरं वाटलं. पुढचा व्हॉल्व्ह अंगठ्याएवढा. काकांनी जुन्याला स्वच्छ नळी लावून फुंकायला सांगितलं. फुंकर आरपार गेली. नव्यातून गेली नाही. "मिटलेला असतो तो बरा," काका म्हणाले. शेवटी टाकीचं नवं झाकण बसवलं. ते मात्र काकांनी स्वतः, दोन्ही हातांनी धरून, हळूहळू, कटकट आवाज येईपर्यंत फिरवलं. बाई मध्ये बोलल्या नाहीत. त्यासाठी त्यांना जीभ चावावी लागली.

बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या दमात चालू झाली. पिवळा दिवा गेला होता.

"गेला! अहो, गेला!"

"तो बॅटरी काढली म्हणून गेला," काका म्हणाले. "आता गाडी काही दिवस स्वतःला तपासून बघेल. पटलं नाही तर परत लावेल."

हे ऐकून बाईंच्या जिवाला घोर लागला. पुढचे कितीतरी दिवस त्या सकाळी किल्ली फिरवताना आधी एक डोळा मिटायच्या. शिकाऊ मंडळींना वाटायचं, हा शिकवणीचाच काही भाग असेल, आणि तीही मिटायला लागली. दिवा लागला नाही. वासही गेला. पंपावर पहिल्यांदा पेट्रोल भरायला गेल्या तेव्हा काका मागच्या सीटवर होते. "गळ्यापर्यंत?" पंपावरच्या बाईंनी विचारलं.

"नको," क्लचबाई म्हणाल्या. "टक् झाला की बास."

पंपावरच्या बाईंना आपण चुकीच्या गाडीपाशी आलो की काय असं वाटलं. काका खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान हसताना दिसत होते. गाडी लगेच चालू झाली. पुढच्या आठवड्यात तपासणीतही पास झाली. डॉक्टरीणबाई मात्र त्याच महिन्यात तिसऱ्यांदा नापास झाल्या. फुटपाथच्या कडेला चाक घासलं. त्यानंतरच्या खेपेला पास झाल्या आणि गावातल्या सगळ्या जबड्यांना पेढ्याऐवजी फुकट तपासणी मिळाली.

काकांचा कंप कमी झाला नाही, तो कमी होणारा नव्हताच. डावा हातही पुढे तसाच झाला. पण एक वेगळीच गंमत झाली, ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. एकदा कुठे बघायचं, काय धरायचं, किती जोरात, हे सांगायची सवय लागल्यावर काकांना बोलण्याचीच सवय लागली. आधी पान्यांबद्दल. मग कारखान्याबद्दल. मग कशाबद्दलही. लेकीचा फोन आला की पूर्वी "आईला देतो" एवढंच म्हणणारा माणूस आता फोन सोडेना. जावई एकदा हळूच लेकीला म्हणाला, "तुझ्या बाबांचा कुठला व्हॉल्व्ह बदलला गं?" लेकीने ते आईला सांगितलं, आईने डॉक्टरीणबाईंना, आणि मग गावभर झालं.

आताशा सुटीच्या दिवशी शेडमधून दोघांचे आवाज येतात. परवा ब्रेकचे पॅड बदलायचं चाललं होतं. बाई चाकाशी बसलेल्या, हात मागे करून पाना मागत होत्या. काका खुर्चीत. भट्टीतून एकदा बाटलीऐवजी काचेचा कांदा कसा बाहेर आला आणि मोठ्या साहेबांनी तो टेबलावर शोभेला कसा ठेवला, हे ते सांगत होते.

"अहो, पाना द्या ना."

"देतो गं. आधी साहेबांची बायको आली तेव्हा काय झालं ते ऐक."

बाईंनी हात तसाच मागे धरून ठेवला आणि ऐकू लागल्या.